गालातली गोळी

अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानात मला पहिलं काम मिळालं ते कोपरा धुण्याचं. दुकान बॅगांचं. ट्यूशनला जाणाऱ्या पोरापोरींच्या बॅगांच्या चेन बदलायच्या, तुटलेले पट्टे शिवायचे, तळ फाटला असेल तर रेक्झिन लावायचं. पण हे सगळं मशीनवर बसता यायला लागल्यावरचं. त्याआधी रोज सकाळी शटर वर केलं की मगभर पाणी आणि खराटा घेऊन डाव्या हाताच्या कोपऱ्यात वाकायचं. त्या कोपऱ्यात दुकानाचे मालक, म्हणजे काका, दिवसभर थुंकायचे.

मी समुद्राकडचा. खर्रा म्हणजे काय ते मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचे, पन्नी घोटघोट घोटायची आणि तो लगदा गालात सरकवायचा. मग तो तिथेच बसतो. त्याचा वास ओल्या गोणपाटात चुना सांडल्यासारखा. पहिल्याच दिवशी खराट्याचा शिंतोडा माझ्या ओठावर उडाला आणि मी गटारापाशी जाऊन ओकलो. काका मशीनवरून ओरडले, "काय बे, दिवस गेले का तुले?" शेजारचा झेरॉक्सवाला हसून हसून लोळला.

एकदा एका पोरीची पांढरी बॅग शिवताना काकांच्या तोंडातून लाल लाळेचा थेंब बॅगेवर पडला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला, म्हणजे अजून पसरवला. पोरगी "ईऽऽ" करून मागे सरली. मला वाटलं जमिनीनं गिळावं. काकांना काहीच वाटलं नाही. "धुतलं का निंघून जाते," म्हणाले.

आणि तरी याच माणसानं मला ठेवून घेतलं होतं. मी आठवीतून शाळा सोडलेला. केबल टाकायच्या कामावर ज्या ठेकेदारानं आम्हाला इतक्या लांब आणलं तो एक दिवस फोन बंद करून गायब झाला. बाकीचे कुठे कुठे पांगले. मी दुकानाच्या पायरीवर बसून होतो. काकांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "जेवला का बे?" एवढंच विचारलं. त्या दुपारी काकूंनी वाढलेली ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी मी रडत रडत खाल्ली. माझ्या अंगात तेव्हा शर्टही काकांचाच आला, आणि त्या शर्टाच्या खिशावर काकांच्याच थुंकीचे डाग होते. किती धुतला तरी गेले नाहीत. मी तो शर्ट कितीतरी दिवस घालत होतो.

दोन वर्षांमागे काकांच्या पोटात कळा यायला लागल्या. मशीनवर बसल्या बसल्या ते वाकडे व्हायचे, कपाळावर घाम फुटायचा. पित्ताशयात खडे निघाले. अमरावतीतल्या एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. बीपी तर आधीपासून होताच. तपासणीत कळलं की हृदयावरही जुनी खूण आहे, कधीतरी छोटा झटका येऊन गेलाय.

"कधी?" काकूंनी विचारलं.

"मले काय माहीत," काका म्हणाले. "अॅसिडिटी वाटली असन."

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहायला सांगितलं होतं. काका उपाशी राहिले, पाण्याचा थेंब घेतला नाही. काकू आणि मी बाहेर जिन्याजवळ बसलो होतो. लोकांनी थुंकू नये म्हणून त्या जिन्याच्या कोपऱ्यात सगळ्या धर्मांच्या देवांच्या फरशा बसवल्या होत्या. देवांवर कुणी थुंकलं नव्हतं. दोन फरशांच्या मधल्या फटीत नेम धरून थुंकले होते. मी ते बघत होतो, तेवढ्यात दार उघडून भूल देणारे डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे होता.

"नातेवाईक कोण?"

काकूंनी मला पुढे ढकललं.

ट्रेमध्ये तपकिरी, ओला गोळा होता. गालाच्या आतल्या बाजूचा ठसा जसाच्या तसा त्यावर उमटलेला.

"हे काय आहे ते सांगा मला. टेबलावर झोपलाय माणूस, बीपी दोनशेच्या वर, आणि गालात हे! मी बेशुद्ध केल्यावर हे घसरून श्वासनळीत गेलं असतं तर? वर त्याचं तोंड उघडत नाही. नळी घालायची कुठून?"

मला तो गोळा ओळखू येत होता. रोज सकाळी मीच धूत होतो. 

"साहेब," काकू म्हणाल्या, "याईनं खरंच काई नाई खाल्लं. देवाशपथ."

त्या खोटं बोलत नव्हत्या. खर्रा पोटात जात नाही, म्हणून तो त्यांच्या हिशेबी जेवणखाणात येतच नाही. काका चतुर्थीचा उपास कडक धरतात, भगरसुद्धा घेत नाहीत, आणि दिवसभर खर्रा चालूच. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

डॉक्टरांनी ऑपरेशन केलं नाही. असं तोंड आणि असं हृदय असलेल्या माणसाला नळी घालायची साधनं आपल्याकडे नाहीत, अकोल्याला मोठ्या ठिकाणी न्या, म्हणाले. काकांना बाहेर आणलं तेव्हा ते रागानं लाल झाले होते.

"आधी सांगाचं ना मंग! उपाशी राह्य म्हनलं, मी उपाशी राह्यलो. खर्‍र्याचं कोनी बोललं का?"

अकोल्याला एसटीनं गेलो. काका खिडकीशी. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी बाहेर पिचकारी मारली आणि वाऱ्यानं ती परत आत आली, मागच्या सीटवरच्या बाईच्या पदरावर. त्या बाईनं काकांच्या सात पिढ्या काढल्या. काकू माफी मागत होत्या, मी रुमाल ओला करून देत होतो. काका पोट धरून डोळे मिटून बसले होते. त्यांना कळ आली होती. मला त्यांची दया येत होती आणि त्यांच्या शेजारी बसवतही नव्हतं.

अकोल्याच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या मॅडम होत्या. वयानं माझ्या मोठ्या बहिणीएवढ्या, आवाज हळू.

"आ करा काका."

काकांनी केलं.

"अजून."

"येवढंच उघडते."

मॅडमनी दोन बोटं जोडून त्यांच्या दातांसमोर धरली. बोटं आत जाईनात. मग त्यांनी टॉर्च मारला आणि मलाही आत दिसलं. गाल आतून पांढुरके आणि ताठ, उन्हात कडक झालेल्या रेक्झिनसारखे. दात मुळाशी काळे. आणि तो वास. मी तोंड फिरवलं. मॅडम मात्र नाक तिथेच ठेवून बघत राहिल्या. एवढं शिकून या बाईला रोज असल्या तोंडांत बघावं लागतं, याचंच मला वाईट वाटलं.

"तोंडातून नळी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "नाकातून घालू, बारीक कॅमेऱ्यावरून. तेव्हा तुम्ही पूर्ण झोपलेले नसाल. अर्धवट गुंगीत असाल."

"जागेपनी नळी?" काका उठूनच बसले. "त्यापरीस मले कापूनच टाका ना बाई."

"कापायचंच आहे, पण नंतर," मॅडम हसल्या. मग त्यांनी आम्हाला समजावलं, अगदी हातवारे करून. माणूस गुंगीत असला तरी घशात काही शिरलं की शरीर खवळतं. नाडी पळायला लागते, बीपी उसळतो. धडधाकट हृदय ते सोसतं. काकांच्या हृदयावर जुना घाव, तो त्या दोन-चार मिनिटांत दगा देऊ शकतो. म्हणून नळीच्या आधीच औषधं द्यायची. एक लाळ सुकवायला, एक घसा बधिर करायला, एक हृदयाला शांत ठेवायला. "ऑपरेशनच्या सकाळी एक गोळी देऊ, घोटभर पाण्यासोबत. ती यातलीच पहिली. तिच्यावर माझी पुढची औषधं बसवलेली आहेत. आणि खर्रा आजपासून बंद. तंबाखूनं नाडी तुम्हीच पळवून ठेवलीत, तर मी कुठे धरू तिला?"

"बंद म्हंजे बंद," काका म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मुलगा ना यांचे?"

मी काकूंकडे पाहिलं. 

"हो, पोरगंच हाय," काकू म्हणाल्या.

"मग लक्ष ठेवा."

काकूंच्या त्या 'पोरगंच' शब्दानं मला रात्रभर झोप येऊ नये एवढं ओझं झालं. एखादी गोष्ट माझ्यावर सोपवली की मी ती पुन्हा पुन्हा तपासतो. शटरचं कुलूप ओढून बघतो, थोडं पुढे जातो, परत येऊन ओढतो. आता माझं कुलूप म्हणजे काकांचं तोंड. ते वॉर्डात भरती होते. त्यांच्या उशीखाली बघ, पायजम्याच्या घडीत बघ, चपलेत बघ. पन्नी सापडली नाही. काका चिडचिडे झाले होते, पण शब्द पाळत होते.

खरा धोका भेटायला येणाऱ्यांचा होता. अंजनगाव सुर्जीहून काकांचे साडू आले. खाटेशी बसले, विचारपूस केली, आणि हात सहज शर्टाच्या खिशात गेला.

"मावसाजी, ते काढू नका," मी म्हणालो.

"काय?"

"खिशात आहे ते."

"अरे, पेशंटले भेटाले रिकाम्या हातानं याव का? याईची आवड माहीत हाय मले. स्पेशल घोटून आनला, चुना कमी टाकून."

"डॉक्टरांनी बंद केलाय."

"जेवन बंद केलं असन. याच्यात काय हाय? तोंडातल्या तोंडात राह्यते." मग काकूंकडे वळून, "कोन हाय वो हा? कोकन्या ना? मासे खातेत अन् आपल्याले शिकवतेत!"

काका त्या खिशाकडे अशा नजरेनं बघत होते की मला त्यांची लाज वाटली. मी साडूंचा हात धरला. मोठ्या माणसाचा हात मी आयुष्यात कधी असा धरला नव्हता. ते उठले, रागारागानं व्हरांड्यात गेले आणि पन्नी स्वतःच्याच तोंडात रिकामी केली. जाताना तिथल्या कुंडीत थुंकले. कुंडीत तुळस होती. मी मगभर पाणी आणलं आणि तुळशीवर ओतलं.

ऑपरेशनची सकाळ उजाडली. सिस्टर आल्या, काकांच्या तळहातावर गोळी ठेवली, छोट्या कपात पाणी दिलं. काकांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलं, गळ्याची घाटी हलली. सिस्टर गेल्या. मी चादरीची घडी करत होतो. काका बेसिनपाशी जाऊन बराच वेळ चुळा भरत होते. परत येऊन छातीवर हात ठेवून शांत पडले. चेहऱ्यावर समाधान, पेपर चांगला गेलेल्या पोरासारखं.

मी पाण्याचा मग घेऊन बेसिनकडे गेलो. सवय. काका कुठेही थुंकले की मागून जाऊन पाणी ओतायचं, लोकांनी बघायच्या आत. इतके दिवस खर्रा बंद असूनही चुळेचं पाणी तांबूसच होतं. मधल्या जाळीत कुणाचे तरी केस आणि शेंबडासारखं बुळबुळीत काहीतरी अडकलं होतं, आणि त्यात एक पांढरं. आधी वाटलं, दात पडला. मग कडा दिसली. झिजलेली, गोल.

गोळी होती.

 सांगितलं तर आजही परत पाठवतील. काका म्हणतील, या कोकण्यानं घालवलं. इतक्या लांब येऊन, इतकं सोसून पुन्हा त्याच कळा. आणि मॅडम मला काय म्हणतील? डॉक्टरांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पाणी ओतलं असतं तर ती गोळी निघून गेली असती. पाण्याचा मग माझ्या हातात होता, भरलेला.

मग तो ट्रे आठवला. आणि मॅडमचं बोलणं, हिच्यावर माझी पुढची औषधं बसवलेली आहेत. ती गोळी पोटात आहे असं धरून त्या पुढे गेल्या असत्या.

आजूबाजूला कागद नव्हता. मी बोटांनी ती जाळीतून काढली. केस सोबत आले, ते बुळबुळीतही आलं, बोटाला चिकटून लांब तार सुटली. मी दात आवळले. दुसऱ्या कुणाची असती तर मी हातही लावला नसता.

काकांसमोर तळहात धरला. "हे काय काका?"

"गोळी हाय. काहून?"

"गिळली नाही?"

"गिळाले काय येडा हाय का मी? मांगच्या वेळी काय झालं, माहीत हाय ना? पोटात काई जाऊ देऊ नोको म्हनते डॉक्टर. म्हून गालात ठुली. चांगली ठुली होती, मंग लयच कडू लागली, त टाकली."

"मग ती लागू कशी पडणार?"

"अरे, खर्रा कसा चढते? गिळतो का आपन? गालातूनच चढते ना? तशी हेबी चढते." ते हळू आवाजात, मला शहाणं करत होते. "रस गेला बरोबर आत. तू टेन्शन नोको घेऊ."

काकूंनी कपाळावर हात मारला. "या मानसाले काय म्हनावं माय!"

काय म्हणणार? त्यांनी या वेळी नियम मोडला नव्हता. नको तितका पाळला होता. चाळीस वर्षं ज्या गालानं सगळं आत घेतलं, त्याच गालावर त्यांनी भरवसा ठेवला.

मी मॅडमना गाठलं. हात पुढे केला आणि एका दमात सांगून टाकलं, बहुतेक उलटसुलट. त्यांनी तळहाताकडे पाहिलं, गोळीकडे, केसांकडे. मी म्हणालो, "सॉरी मॅडम, घाण आहे."

"असू दे. किती वेळ तोंडात होती?"

"सिस्टर गेल्या आणि ते चुळा भरायला गेले, तेवढा."

"म्हणजे किती गेली, किती नाही, काही सांगता येत नाही." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता परत पाठवणार. "त्यांचा नंबर थोडा मागे ढकलते. पुन्हा तपासते आणि त्यांना लागेल तसं शिरेतून थोडं थोडं देते. मशीनकडे बघत. शिरेतलं काही त्यांना थुंकता येणार नाही." मग म्हणाल्या, "जा, हात धुवा. साबणानं. आणि बरं केलंत."

मी हात धुतले. पुन्हा धुतले. वास जाईना.

काकांना आत नेलं. काकू जप करत होत्या. मी दाराकडे बघत होतो. मनात एकच चित्र, की दार उघडतंय आणि कुणीतरी ट्रे घेऊन बाहेर येतंय. दार उघडलं की मी उभा राहायचो. दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारायचे, मी बसायचो. एकदा आमचं पुकारलं. मॅडम दाराशी आल्या होत्या, मास्क हनुवटीवर ओढलेला, हात रिकामे.

"झालं ऑपरेशन. शुद्धीवर येतायत."

"नळीच्या वेळी...?" मी विचारलं.

"एकदाही उसळलं नाही. शांत होते. नळी आत जाण्याआधी गुंगीतच मला म्हणाले, बाई, तुमचं गाव कोनतं?"

काकू हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी मॅडमच्या पाया पडायला वाकलो, त्या मागे सरकल्या. बरं झालं. माझ्या हातांना अजून तोच वास होता.

संध्याकाळी काकांचा आवाज बसलेला, पण बोलणं थांबेना. साडू पुन्हा आले होते, खिसा रिकामा ठेवून. काका त्यांना सांगत होते, "मले समजलंच नाई ना बावा. नाकातून नळी कधी गेली अन् कधी आली. ढगावर झोपल्यासारखं." सांगता सांगता त्यांचा उजवा हात छातीवर चाचपडत होता. हॉस्पिटलच्या कपड्याला खिसा नव्हता.

अमरावतीला परतल्यावर दुकानाचा कोपरा काही आठवडे कोरडा राहिला. मी तिथे रेक्झिनचे रोल उभे केले. मला वाटलं, सुटलो. मग एका सकाळी शटर वर केलं तर रोलच्या पायाशी लाल ओघळ. मी काकांकडे पाहिलं. ते सुईत दोरा ओवत होते.

"थोडासाच," म्हणाले. "नावापुरता."

मला इतकी चीड आली की खराटा आपटून बाहेर गेलो. ती बोटाला सुटलेली तार, तो ट्रे, मॅडम दारात उभ्या, सगळं एका थुंकीत वाया. संध्याकाळपर्यंत बोललो नाही त्यांच्याशी.

आता बीपीची गोळी त्यांना रोज मी देतो, घरून निघायच्या आधी. पाणी पिऊन झालं की म्हणतो, "आ करा."

"पोलीस झाला बे तू," काका म्हणतात. पण करतात. फट उघडते तेवढीच उघडते. मी मोबाईलचा टॉर्च मारतो. आधी उजवा गाल, मग डावा, मग जिभेखाली. कालचा तंबाखू दातात असतो, कधी सुपारीचा तुकडा असतो. वास येतो. तोंड फिरवावंसं वाटतं, अजूनही, रोज. गोळी कुठेच दिसत नाही, याची खात्री होईपर्यंत बघतो. मग एकदा परत आ करायला लावतो.